गुलाबी कपाटांची रंगारीण

आमच्या शहरातल्या सात इमारतींना लोक 'कपाटं' म्हणतात. कागदोपत्री त्यांना अमुकतमुक वसाहत असं भारदस्त नाव आहे, पण ते पोस्टमनलाही आठवून सांगावं लागतं. नऊ मजली, चौकोनी, एकीमागे एक. वरपासून खालपर्यंत सारख्या खिडक्या, सारखे कठडे, कुठे एक कमान नाही की गोलाई नाही. सामान हलवणाऱ्यांनी लोखंडी कपाटं रस्त्यात रांगेने उतरवावीत आणि चहा प्यायला निघून जावं, तशी ती दिसतात. त्यात रंग गुलाबी. गुलाबाच्या फुलाचा नव्हे, खोकल्याच्या औषधाचा.

हा रंग जिने दिला ती रंगारीण चार नंबरच्या कपाटात सहाव्या मजल्यावर राहते. मी पाच नंबरमध्ये, तिच्या बरोबर समोर. मधलं अंतर एवढंच की तिचं दूध उतू जायला लागलं की मी इथून ओरडते आणि माझा दरवाजा वाजला की ती तिथून सांगते. त्यामुळे तिची हकिगत मला जितकी ठाऊक आहे तितकी बहुधा तिलाही नसेल.

बाई पन्नाशीच्या आहेत, चणीने लहान. केस पोरासारखे कापलेले, कारण लांब केसांना रंग लागला की निघत नाही. विजारीवर पंचवीसेक वर्षांत रंगवलेल्या घरांचे ठिपके. ती एकेका ठिपक्यावर बोट ठेवून सांगते, हा दवाखाना, ही शाळा, हा त्या चिडक्या वकिलाचा जिना. आणि हसू म्हणाल तर तिच्या हातात नाही. एकदा सुटलं की सुटलं. दोराला टांगलेल्या पाळण्यात बसून ती भिंती रंगवते. तिथे हसू आलं की पाळणा हलतो, पाळणा हलला की तिला आणखी हसू येतं, मग खालचे दोर धरणारे ओरडतात, "अहो बाई, आधी खाली या, मग हसा!"

हे काम ती वडिलांकडून शिकली. वडील शहरातले जुने रंगारी, हात असा सफाईचा की भिंतीवर ब्रशची रेघ दिसायची नाही. सात इमारतींचं काम त्यांनाच मिळालं होतं. तेव्हा कपाटं नवीन होती, नुसत्या सिमेंटची, करड्या रंगाची. काम सुरू व्हायच्या आठवड्यात वडील घसरले. आयुष्यभर नवव्या मजल्यावर लोंबकळलेला माणूस घरच्या न्हाणीघरात घसरला आणि पाय मोडून बसला. पोरगी तेवीस वर्षांची. म्हणाली, "बाबा, मी करते." बाबा म्हणाले, "कर. पण एक लक्षात ठेव, भिंतीवर चूक झाली की ती सगळ्या गावाला दिसते."

मंजूर झालेला रंग होता फिकट मलई. पहिल्या डब्याचं झाकण उघडलं तर आत हे औषध. दुसरा उघडला, तेच. तिसरा, तेच. सगळे डबे उघडून झाल्यावर ती धावत नगरपालिकेच्या कचेरीत गेली. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "डबे आले, सह्या झाल्या. आता परत पाठवायचे तर सगळं पहिल्यापासून. तुम्ही असं करा, लावून टाका. वाळला की फिका पडतो."

वाळला, आणि गडद झाला.

पण तोवर एक नंबर रंगवून झाली होती. मग दोन, मग तीन. रस्त्यातली माणसं थांबून वर बघायची आणि मान हलवत पुढे जायची. पोरगी वर पाळण्यात लाजून लाल व्हायची. लाल चेहरा आणि गुलाबी भिंत, म्हणजे ती लांबून दिसायचीसुद्धा नाही, असं ती स्वतःच सांगते.

चार नंबरच्या सहाव्या मजल्यावर एक खिडकी धाडकन उघडली. आत पंचविशी ओलांडलेला एक माणूस, डोळ्यावर जाड चष्मा, हातात एक कवळी. तो कवळ्या बनवतो. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे दात त्याने घडवलेत आणि स्वतःच्या हाताने तोंडात बसवून दिलेत.

"अहो बाई, हे काय चाललंय?"

"रंगकाम."

"हा रंग आहे? ह्या हिरड्या आहेत, हिरड्या!" त्याने कवळी खिडकीबाहेर काढून भिंतीला टेकवली. "बघा तुम्हीच! दिवसभर मी हाच रंग कालवतो. निदान घराच्या बाहेर तरी माणसाला दुसरं काही दिसू द्या!"

तिने कवळी बघितली, भिंत बघितली. तंतोतंत. जणू अख्खी इमारत जबडा उघडून उभी होती आणि खिडक्या तेवढ्या दात पडून गेल्यासारख्या. तिला जे हसू फुटलं ते थांबेना. पाळणा हलला, ब्रश हातातून सुटला आणि खाली पोस्टमनच्या टोपीवर पडला. तो चष्मेवाला आधी चिडला, मग घाबरला की ही बाई पडते आता, म्हणून त्याने खिडकीतून वाकून पाळण्याचा दोर घट्ट धरला. धरला तो सोडायचं त्याला सुचेना.

सहाव्या मजल्याला दोन दिवस पुरतात. तिला आठ लागले. खालचे दोरवाले विचारायचे, "बाई, पाचव्यावर कधी उतरायचं?" ती म्हणायची, "इथे भिंत फार शोषून घेतेय." पाचव्या दिवशी खिडकीतून चहा बाहेर आला. आठव्या दिवशी त्याने विचारलं आणि तिने पाळण्यातूनच हो म्हटलं. सात नंबर रंगवून झाली तशी दोघांनी सह्या करून लग्न केलं आणि ती सहाव्या मजल्यावर राहायला आली, ह्या वेळी दरवाजातून.

आता कुणालाही वाटेल की बाईंचा त्या रंगावर जीव असणार. छे! तिला तो डोळ्यासमोर नको व्हायचा. कुठेही कामाला गेली की लोक विचारायचे, "ती कपाटं रंगवणारी तूच ना?" आणि ती सरळ सांगायची, "नाही, माझी चुलत बहीण." सत्तावीस वर्षं तिने त्या नसलेल्या बहिणीवर सगळं ढकललं. पुढे लोक त्या बहिणीची चौकशी करायला लागले तेव्हा तिला परदेशी पाठवून दिलं. रंगही असा चिवट की उडेना. ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला, जरासा मळला, पण गुलाबी तो गुलाबीच.

आणि मग आमच्या दैनिकाने वाचकांचा कौल घेतला, शहरातली सगळ्यात कुरूप इमारत कोणती? आम्ही पहिले आलो. नुसते पहिले नाही, दुसऱ्या नंबरला धुळीला मिळवून. दुसरा होता नव्या कचेरीचा काचेचा घुमट, जो पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा दिसतो.

मग जो तो बोलायला लागला. न्हावी म्हणाला, "दाढी करताना आरशात मला ती कपाटं दिसतात, हात कापतो." बस चालवणारी ताई म्हणाली, "धुक्यात मला तेवढीच दिसतात. ती पाडली तर मी गाडी नदीत घालीन." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांच्या एका रुग्णाचा खोकला ती बघूनच थांबतो. वास्तुकलेचे निवृत्त प्राध्यापक आहेत एक, त्यांनी दैनिकात लेख लिहिला, 'शहराच्या चेहऱ्यावरचा पुरळ'. त्यावर तीन नंबरमधल्या गाण्याच्या बाईंनी पत्र पाठवलं की पुरळ कसला, पुरळात कुणी हवेशीर स्वयंपाकघर बघितलंय का? प्राध्यापकांनी उत्तर दिलं की सौंदर्याचा आणि स्वयंपाकघराचा संबंध नाही. गाण्याच्या बाईंनी लिहिलं की हे वाक्य फक्त स्वयंपाक न करणारा माणूसच लिहू शकतो. महिनाभर आम्ही दैनिक शेवटच्या पानापासून वाचत होतो.

एवढा गवगवा झाल्यावर नगरपालिकेला काहीतरी करणं भाग पडलं. ठरलं, कपाटं पुन्हा रंगवायची. रंग, त्यांच्याच शब्दात, 'शालीन राखाडी'. आणि काम मिळालं आमच्या रंगारणीला, कारण एवढ्या उंचीचे पाळणे अजून तिच्याकडेच आहेत.

ती बातमी घेऊन घरी आली ती जवळजवळ नाचतच. खिडक्या उघड्या होत्या, मी भाजी निवडत होते. पुढचं सगळं मला ऐकावं लागलं.

"अहो, ऐकलंत का? सुटले मी! सत्तावीस वर्षांनी सुटले!"

"कशातून?"

"ह्या हिरड्यांतून!"

नवऱ्याचा आवाज आला, "मला नाही चालणार."

"काय नाही चालणार?"

"राखाडी. आपलं घर गुलाबी आहे."

"अहो, तुम्हीच तर म्हणाला होतात, हिरड्या!"

"म्हणालो होतो. मग? हिरड्यांत वाईट काय आहे? हिरड्यांवाचून दात उभे राहतील का? राखाडी हिरड्या कुणाच्या असतात ठाऊक आहे तुला? मेलेल्या माणसाच्या!"

"अरे, भिंत आहे ती!"

रागावली की तिच्या 'अहो'चं 'अरे' होतं, हे चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना माहीत आहे. आम्ही समजलो, आता हे आठवडाभर चालणार. चाललंही. तो म्हणायचा, रंग बदललास तर मी खिडकी उघडणार नाही. ती म्हणायची, नका उघडू, मला भिंत सलग मिळेल. त्यांची मुलगी नर्स आहे, दुसरीकडे राहते. दोघांनी तिला फोन करून निवाडा मागितला. तिने सांगितलं, "मी ह्या रंगात जन्मले, मला वाटायचं सगळी घरं अशीच असतात. मला विचारू नका."

भांडण फक्त त्यांच्या घरात राहिलं नाही. जिन्याजिन्यात दोन तट पडले. लिफ्टमध्ये गुलाबीवाले आणि राखाडीवाले एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे, आणि आमची लिफ्ट चार माणसांची आहे. शेवटी नगराध्यक्षांनी तोडगा काढला, मतदान घ्या. रविवारी सकाळी दहा वाजता प्रत्येक घराने खिडकीत एक कापड लावायचं. रंग राहू द्या म्हणणाऱ्यांनी गुलाबी, बदला म्हणणाऱ्यांनी राखाडी. समोरच्या फुटपाथवर उभं राहून मोजणार कचेरीतला एक कारकून आणि रंगारीणबाई.

रविवार उजाडला आणि कपाटांची दारं उघडून आतले सगळे कपडे बाहेर पडावेत तसं झालं. नियम समजावून सांगितला होता, पण घरात जे असेल तेच माणूस लावणार ना? गुलाबी टॉवेल, गुलाबी परकर, लहान मुलाचं दुपटं. राखाडी विजारी, राखाडी मोजे जोडीने. एक नंबरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी आधी राखाडी स्वेटर लावला, मग थंडी वाजली म्हणून काढून घातला. सात नंबरमध्ये कुणी गालिचा लावला होता, त्यात दोन्ही रंग होते आणि शिवाय एक मोर. मी स्वतः चौकडीची चादर लावली. मला दोन्हीकडच्यांशी बोलणं ठेवायचं होतं.

बाई मोजायला लागल्या. "एक्केचाळीस, बेचाळीस... तो जांभळा कुणीकडे धरायचा?" कारकून म्हणाला, "धुऊन विटलेला दिसतो, गुलाबीत घ्या." राखाडीवाले खालून ओरडले, "अजिबात नाही!" बस थांबली. ताई खाली उतरली, तिच्यामागे सगळे प्रवासी उतरले आणि मोजायला लागले, प्रत्येक जण वेगळ्या टोकाकडून. प्राध्यापकही आले होते, छत्रीचं टोक उंचावून मजल्यामजल्याने मोजत होते, आणि त्यांच्या शेजारी गाण्याच्या बाई त्यांच्या प्रत्येक आकड्यात एक मिळवत होत्या. बाईंना हसू यायला लागलं. तीनदा मोजणी चुकली.

चौथ्यांदा सुरू करताना कारकून चाचरत म्हणाला, "ताई, रागावू नका, पण तुम्ही राखाडीच्या बाजूने कशा? आमच्या आजीने तर सांगितलं होतं की तुम्ही प्रेमात पडलात म्हणून हा रंग दिलात."

"कोण प्रेमात पडलं?"

"तुम्ही. साहेबांचा हुकूम मोडून. सहाव्या मजल्यावरच्या माणसासाठी."

बाईंनी गाण्याच्या बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "अगं, सगळ्या गावाला माहीत आहे! मी तर ती गोष्ट ऐकून इथे घर घेतलं."

"कुणी सांगितली?"

"तुझ्या नवऱ्याने. कवळी बसवताना सांगतो तो सगळ्यांना. तोंड उघडं असतं, मध्ये बोलायची सोय नसते."

म्हणजे सत्तावीस वर्षं शहरातल्या एकूण एक बोळक्या तोंडाने ही गोष्ट ऐकली होती. आणि 'ती तूच ना?' असं विचारणाऱ्या लोकांना टोमणा मारायचाच नव्हता! ते कौतुकाने विचारत होते, आणि ही त्यांना चुलत बहिणीचा पत्ता देत होती.

बाईंनी मान वर केली. चार नंबर, सहावा मजला. सकाळी तिथे तिने स्वतःचा राखाडी एप्रन लावला होता. आता त्याच्या शेजारी गुलाबी टॉवेल लोंबत होता आणि मध्ये नवऱ्याचा चष्मा चमकत होता.

"अरे!" ती ओरडली. अख्खा रस्ता वर बघायला लागला. "तुला मी ओळखत तरी होते का तेव्हा? तीन इमारती रंगवून झाल्या होत्या!"

वरून उत्तर आलं, "मग चौथी वेगळ्या रंगाने का नाही रंगवलीस?"

"डबे तेच होते म्हणून!"

पण हे कुणी ऐकलंच नाही. बसमधल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, ताईने हॉर्न दिला, खिडक्याखिडक्यांतून लोक आपापली कापडं फडकवायला लागले, आणि त्यात कुणाचं कुठलं मत ते काही कळेना. बाई आधी रागाने लाल झाल्या, मग ओठ आवळून बघितले, मग जमेना तशा त्या फुटपाथवर फतकल मारून बसल्या आणि पोट धरून हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कारकून बिचारा कागद घेऊन शेजारी उकिडवा बसला.

मोजणी दुपारी संपली. घरं तीनशे अठ्ठ्याहत्तर. गुलाबी एकशे एक्काहत्तर, राखाडी एकशे त्रेसष्ट, बाकीचे आमच्यासारखे. कारकून म्हणाला, "ताई, तुमच्या खिडकीत दोन्ही आहेत. बाद धरावं लागेल." बाई म्हणाल्या, "धरा." घरी गेल्यावर तिने नवऱ्याला काय सांगितलं ते मात्र मला ऐकू आलं नाही, कारण प्रथमच त्यांनी खिडकी लावून घेतली.

प्राध्यापक त्या दिवशी गाण्याच्या बाईंचं स्वयंपाकघर बघायला वर गेले ते दीड तासाने उतरले. पुढच्या आठवड्यात त्यांचा दुसरा लेख आला. त्यात त्यांनी लिहिलं की आत उजेड उत्तम आहे, वारा उत्तम आहे, चहा उत्तम आहे, आणि तरीही बाहेरून तो पुरळच आहे. गाण्याच्या बाईंनी त्यांना पुन्हा चहाला बोलावलं, म्हणे, अजून थोडं समजवायचं राहिलंय.

मळलेली कपाटं पुन्हा गुलाबीनेच रंगवायची ठरली खरी, पण तो रंग मिळेना. रंगाच्या कारखान्याने कळवलं की अशी छटा आम्ही कधी बनवलीच नाही. बाईंनी भिंतीचा टवका पाठवला, तर उत्तर आलं की हा बहुधा अपघात असावा. मग नवरा पुढे झाला. त्याच्याकडे हिरड्यांच्या अठरा छटांची पट्टी आहे. दोघांनी अंगणात मोठाले ड्रम मांडले आणि कालवायला सुरुवात केली. तो म्हणायचा, "थोडा रक्ताचा अंश हवा." ती म्हणायची, "अहो, पांढरा टाका, पांढरा, नाहीतर कसाईखाना होईल." भोवती पन्नास माणसं उभी, प्रत्येकाला रंगातलं कळतं. राखाडीवालेही यायचे आणि सांगायचे की आम्हाला हा मान्य नाहीच, पण करताय तर जरा लाल वाढवा. पहिला घाणा जास्त गोड झाला, तो एक नंबरला लागला. दुसरा जरा फिका. असं करत सातही इमारतींचा गुलाबी एकमेकींपासून केसभर वेगळा झाला. हे बाहेरच्यांना दिसत नाही, पण आम्ही त्यावरून आता नवीन भांडतो. पाच नंबरचा सगळ्यात चांगला आहे.

बाईंनी ह्या वेळी एक रेघ दिसू दिली नाही. खिडक्यांच्या कडा तर अशा कापल्या की वडील असते तर त्यांनी चष्मा लावून बघितल्या असत्या. न्हावी एकदा रस्ता ओलांडून आला, भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "रंग वाईटच आहे. लावलाय मात्र झकास." बाईंनी ते वाक्य दिवसभर सगळ्यांना सांगितलं.

शेवटच्या दिवशी सात नंबरच्या गच्चीजवळ छटा जुळते का बघायची होती. नवऱ्याचं दुकान त्याच इमारतीच्या तळमजल्याला आहे. ती म्हणाली, "अहो, या वर, तुम्हीच बघा." तो सहाव्या मजल्यावर राहणारा माणूस, पण खिडकीत उभं राहणं वेगळं आणि पायाखाली फळी, फळीखाली नुसती हवा, हे वेगळं. हेल्मेट घालून, पट्टे आवळून तो पाळण्यात बसला आणि त्याने दोन्ही डोळे मिटून घेतले. दोर धरणाऱ्या दोघी मदतनीस बायांनी ओढायला सुरुवात केली.

"अहो, डोळे उघडा."

"उघडलेत."

"कुठे उघडलेत? गच्च मिटलेत!"

आठव्या मजल्यापाशी त्याने एक उघडला. मग दुसरा. छत्र्या, गाड्यांचे टप, गाण्याच्या बाईंच्या खिडकीत बसलेले प्राध्यापक, लांबवर नदी. भिंतीकडे त्याने बघितलंच नाही.

"बघितलीत ना छटा? घेऊ का खाली?"

"नको, नको. अजून वर घे."

तासभर तो खाली यायला तयार नव्हता. दुकानापुढे त्याची दोन म्हातारी गिऱ्हाईकं ताटकळत उभी होती, दात आत दुकानात आणि माना वर. दोघांचीही त्या रंगाबद्दल ठाम मतं होती, आणि ती ते मोठमोठ्याने, हातवारे करून वर सांगत होते. पण तोंडात दात नसल्यामुळे एक अक्षर कुणाला कळत नव्हतं. बाई वरून मान डोलवून दोघांनाही होय म्हणत होत्या.